विहिरीजवळचं इंजिन

मु. कवठखेड, आर्णीजवळ
ता. ९ एप्रिल १९६३

चि. सौ. शकुंतला हिस,

विठ्ठलरावांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडे तू, आपली विमल आणि विमलचं बाळ खुशाल असाल. नानाजींना माझा नमस्कार. पत्र तुझे हे थोरले बंधूच वाचून दाखवणार, म्हणून त्यांचा नमस्कार आधीच उरकून घेतला.

नानाजी, पुढचा मजकूर तेवढा मनातल्या मनात वाचा. गावात तुम्ही आजारी आहात. शकू ओल्या बाळंतिणीला घेऊन भर उन्हात माहेरी कशी गेली, असं जो तो विचारायला लागला, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. सध्या नुसते गुडघे दुखतात. कवठखेडचं कुणी मारेगावच्या बाजारात भेटलं, तर जरा लंगडत चला.

शकू, आता मोठ्यानं वाचलेलं ऐक. गावाची प्रगती जोरात आहे. कापसाच्या जिनवाल्या शेठनं दिवाळीत विहिरीजवळ बसवलेलं इंजिन दिवसा सरकी काढतं आणि संध्याकाळी गावाला उजेड देतं, हे तुला माहीतच आहे. आता शेठला त्याच्या शेजारी दुसरं, तिप्पट मोठं इंजिन बसवायचं आहे. म्हणजे आपल्या दारच्या बल्बासारखे बल्ब गल्लीगल्लीत लागतील. जिल्हा परिषदेनं आपल्या ग्रामपंचायतीचं मत मागवलं आहे: गावाला वीज हवी का, आणि विहिरीच्या पाण्याला काही धोका आहे का. वीस तारखेला बी.डी.ओ. साहेब पाहणीला येणार आहेत. इंजिनालाही पाणी लागतं आणि माणसालाही लागतं, दोघं एका विहिरीवर नांदले तर बिघडलं काय, असं मी चावडीत ठणकावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. तू तिथं नव्हतीस हे एका परीनं बरंच झालं.

तुझं ते वरणावरच्या तवंगाचं म्हणणं मी विसरलेलो नाही. पण तूच विचार कर. पंचवीस वर्षं तू कंदिलाच्या उजेडात वरण केलंस, तेव्हा कधी तवंग दिसला नाही. बल्ब आला आणि दिसायला लागला. मग दोष बल्बाचा झाला की विहिरीचा? यावर तू जे उत्तर दिलं होतंस ते नानाजींच्या तोंडी शोभणार नाही, म्हणून लिहीत नाही.

असो. बावीस तारखेला बाळाला सव्वा महिना होतो. रीतीप्रमाणे विमलनं विहीर पुजायची, आणि ती आपल्या गावची. "तेल पिलेल्या विहिरीले माही पोरगी हळदकुंकू वाहनार नाई," असं तू भर रस्त्यात, एस.टी.च्या पायरीवर उभी राहून म्हणालीस. कंडक्टरनं ऐकलं. म्हणजे आता आर्णीपासून यवतमाळपर्यंत सगळ्यांनी ऐकलं असणार. सरपंचाच्या मुलीनं विहीर पुजली ती मारेगावची, असं झालं तर मी चावडीत कोणत्या तोंडानं बसायचं? तरी वीस तारखेच्या आत निघून ये. साहेबांना घरात कुणी चहा विचारणारं नको का?

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. वरण शिजत नाही, पण ते पाण्यामुळे नव्हे, मला येत नाही म्हणून.

तुझा,
विठ्ठलराव


मु. कवठखेड
ता. २१ एप्रिल १९६३

चि. सौ. शकुंतला हिस,

अनेक आशीर्वाद. तू आली नाहीस. नानाजींचं कार्ड मात्र आलं. "माझे गुडघे उत्तम आहेत" एवढंच त्यात होतं. कार्ड उघडं असल्यामुळे पोस्टमननं ते आधी चावडीत वाचून दाखवलं. बिचारा मोठा धीराचा, दुखणं लपवतो, असं सगळ्यांचं मत पडलं. आता चार म्हातारे तुम्हाला भेटायला निघायच्या तयारीत आहेत. एकानं वैद्याकडून तेल आणलं आहे. मी थोपवून धरलं आहे, नानाजी, पण किती दिवस धरणार?

काल साहेब येऊन गेले. ते सांगण्याआधी दोन दिवस मागचं सांगावं लागेल. सांगायचं नव्हतं, पण गावात झालं आहे म्हटल्यावर तुझ्या कानावर कुणीतरी घालणारच, आणि मीठमसाला लावून घालणार.

साहेब आले की पहिलं काय करतील? पाणी मागतील. उन्हाळ्यामुळे आपली विहीर खाली गेली आहे. इंजिन थंड करून आलेलं पाणी टाक्यातून सांडतं, आणि कठडा ज्या अंगानं फुटला आहे तिकडूनच झिरपतं. मी चार वेळा गाळून पाहिलं, धोतराची चौघडी करून. धोतराला वास लागला, पाण्याचा गेला नाही. हो, वास येतो. लिहिलं बघ.

गावात चांगलं पाणी आता एकाच ठिकाणी आहे, देवरावच्या वस्तीच्या विहिरीला. आपला देवराव, पंचायतीत माझ्या उजव्या हाताला बसतो तो. धर्मांतर झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती स्वतः खणली. का खणावी लागली ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. मी गड्याला पहाटे अंधारात घागर घेऊन पाठवलं. देवरावच्या आईनं, पंचफुलाबाईनं, त्याला रिकाम्या घागरीनं परत पाठवलं. मग मला स्वतः जावं लागलं.

देवराव अंगणात दाढी करत बसला होता. मी इकडचं तिकडचं बोललो, कापसाच्या भावाचं बोललो. त्यानं एका गालाची दाढी पुरी केली आणि म्हणाला, "सरपंचसाहेब, पानी पायजे का?"

मी म्हटलं, "एक घागर. साहेबांसाठी."

"एक काहून, दहा न्या. पानी कोनाले नाई म्हनाची आमची रीत नाई. पन अंधारात मानूस पाठवू नका. दिवसा या, रस्त्यानं या, आन् तुमी सोता या."

शकू, मी घागर खांद्यावर घेऊन, टोपी घालून, भर दुपारी वस्तीतून चावडीवरून घरी आलो. अख्खं गाव ओट्यावर येऊन उभं राहिलं होतं. निम्मं पाणी माझ्या पाठीवरून गेलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. तू एवढ्या घागरी रोज कशा आणत होतीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. माझा खांदा अजून वर होत नाही.

घागर भरताना मला एक नामी युक्ती सुचली होती. म्हटलं, एवढं गोड पाणी आहे तर नातवासाठी हीच विहीर पुजून टाकू. तिथल्या तिथं देवरावला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "आमी पूजापाठ सोडला जी. आमची विहीर पुजाची नाई, प्याची हाय. तुमी तुमची पुजता, आन् तिच्यात तेल सोडता." पंचफुलाबाई आतून म्हणाली, "बाळंतिनीले पानी न्या म्हना लागन तेवढं. हळदकुंकू तेवढं घरी ठेवा." सरपंचानं घागर उचलली.

तर काल साहेब आले. इंजिन बघून खूश झाले. आपल्या ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "वा, पाणी तर फार गोड आहे. मग धोका कसला?" मी मान खाली घातली. शेठनं मान वर केली. साहेब लिहायला लागले.

तेवढ्यात देवरावनं दुसरा गिलास पुढं केला. "साहेब, अजून एक घ्या. पहिला आमच्या वस्तीतला व्हता, सरपंचसाहेबांनी खांद्यावर आनला. हा इंजिनाजवळचा हाय."

साहेबांनी चष्मा पुसून गिलासात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी काही दिवस विसरणार नाही. गिलास त्यांनी खाली ठेवला, लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, "तुमच्या पंचायतीनं सभा घेऊन खरं मत कळवावं." 'खरं' या शब्दावर त्यांनी जोर दिला. चहा न घेता गेले. चहाला तरी पाणी कुठलं वापरलंय, असं त्यांना वाटलं असेल.

मी देवरावशी अजून बोललेलो नाही. रागानं नव्हे. आज सकाळी त्याच्या वस्तीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

उद्या बावीस तारीख. विमल उद्या तिथली विहीर पुजणार असेल, तर मला कळवू नका.

विठ्ठलराव


मु. कवठखेड
ता. १२ मे १९६३

प्रिय शकूस,

हे 'प्रिय' वाचताना नानाजी अडखळले असतील. अडखळू देत.

त्यांचं दुसरं कार्ड मिळालं. विमल अजून विहिरीवर गेलेली नाही, "शकू म्हणते, थोडं थांबू" असं त्यात होतं. हेही पोस्टमननं चावडीत वाचलं. मी सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि कुणीतरी विचारलं, "नानाजी गेले का जी?" तेव्हा मात्र मी खरं सांगून टाकलं. नानाजी ठणठणीत आहेत, माझी बायको माझ्यावर रागावून गेली आहे, आणि तिचं बरोबर आहे.  मग एक म्हातारा म्हणाला, "आमाले ठाऊकच व्हतं. तेल वाया जाईल म्हनून इचारत व्हतो." वैद्याकडचं तेल आता मी खांद्याला लावतो.

सभा मागच्या सोमवारी झाली. शेठ दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या बाजूचे म्हणाले, उजेड आला तर गाव सुधारेल. दुसरे म्हणाले, उजेड नको आणि इंजिनही नको. तुळसाबाई बाई-सदस्य म्हणून वर्षभर पदर पुढं ओढून गप्प बसत होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या: "उजेडानं तहान भागत नाई. मी रोज नाल्यातला झिरा खोदून पानी आनून राह्यली. हे कोनाले दिसलं का तुमच्या बल्बात?" मला दिसलं नव्हतं, शकू. त्या आपल्या दारावरूनच जातात.

देवरावचं म्हणणं मला वाटलं होतं तसं नव्हतं. तो म्हणाला, "आमच्या वस्तीत एक बी बल्ब नाई. लाईट आमाले बी पायजे. पन इंजिन गावाच्या खालच्या अंगाले, नाल्यापलीकडं न्या. पानी वरून खाली जाते. खालचं वर चढत नाई." शेठ म्हणाला, तिकडे न्यायचं तर नाही म्हणजे नाहीच. विहिरीजवळचं पहिलंसुद्धा बंद करीन आणि आज संध्याकाळपासून गाव अंधारात बसेल.

हात वर झाले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. निकालाचं मत सरपंचाचं.

आपल्या दारचा बल्ब मला किती आवडतो हे तुला माहीत आहे. त्याच्याखाली खाट टाकून बसलो की रस्त्यानं जाणारा रामराम घालतोच. घागर घेऊन गेलो त्या दिवसापासून मात्र मी आत बसत होतो. मला विमलचं बाळ आठवलं. तू त्याला न्हाऊ घातलंस आणि त्याच्या केसांना वास आला, म्हणून तू रडली होतीस. मी तेव्हा म्हणालो होतो की बायकांचं नाकच तिखट. मी हात वर केला तो इंजिन हलवण्याच्या बाजूनं. दुखऱ्या खांद्याचाच हात वर गेला, त्यामुळे तोंड वाकडं झालं. शेठला वाटलं मी त्याला वेडावतो आहे. तो खुर्ची घेऊन निघून गेला.

जिल्ह्याला कळवलं ते असं: गावाला वीज हवी, पिण्याच्या विहिरीजवळ इंजिन नको, नाल्यापलीकडे जागा आम्ही देतो. शब्द देवरावचे, सही माझी. शेठ अजून फुगलेलाच आहे, पण सरकी भिजायच्या आत त्याला नाल्यापलीकडे जावंच लागेल. बोलल्याप्रमाणे त्यानं विहिरीजवळचं इंजिन बंद केलं, म्हणून सध्या गाव अंधारात जेवतं.

मग विहीर उपसायची निघाली. शेठच्याच इंजिनानं, एका दिवसापुरतं सुरू होऊन, पाणी ओढून काढलं. एवढं तरी त्यानं केलं. गाळ काढायला माणसं हवी होती. मी वस्तीत निरोप पाठवला. देवराव आला, विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "या विहिरीवर आमाले कधी चढू देल्लं नाई. आता गाळ काढाले उतरा म्हनता?"

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सदरा काढला, धोतर खोचलं आणि स्वतः खाली उतरलो. माझ्या वजनाचा माणूस सोडायला सहा जण लागले. दोराचं पहिलं टोक देवरावच्या हातात होतं, त्यामुळे मी खाली असेपर्यंत सगळ्यांशी फार नम्रपणे बोललो. काळा, चिकट गाळ गुडघ्याइतका होता. मला पाहून बाकीचेही उतरले. वर आलो तेव्हा पोरं मला ओळखेनात.

मी देवरावला म्हटलं, "नवं पाणी आलं की तुमच्या बायांनी इथं भरावं. सगळ्यांसमोर सांगतो." तो दोर गुंडाळत म्हणाला, "आमची हाय आमाले. पन तुमी सांगतलं ते बरं केलं." आणि मग म्हणाला, "उशीर लय केला जी." मी हो म्हटलं.

विहिरीत आता कमरेएवढं नवं पाणी आलं आहे. कठडा बांधून झाला. मी प्यालो, तुळसाबाई प्यायल्या. मला ते गोड लागलं, पण पाण्याच्या बाबतीत माझ्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवत नाही, मी स्वतःसुद्धा नाही. म्हणून तांब्याभर पाणी फडक्यानं तोंड बांधून या पत्रासोबत एस.टी.च्या कंडक्टरजवळ देतो आहे. तोच तो पायरीवरचा कंडक्टर. म्हणाला, सांडणार नाही, बाईंना माझाही नमस्कार सांगा.

थोडं वाटीत ओत आणि उन्हात धरून बघ. वास घे. चव घे. विमललाही दे. पटलं तर दोघींनी बाळाला घेऊन यावं, विहीर पूजेची वाट बघते आहे. पटलं नाही तर तसं कळव, मी पुन्हा विहिरीत उतरेन. तू आल्यावर दारात बल्ब नसेल. कंदिलाची काच मी रोज पुसतो.

घर खायला उठतं, शकू. पंचायतीचं मत जिल्ह्याला गेलं. तुझं अजून आलेलं नाही.

ते येईपर्यंत मी विहिरीचं पाणी गावाला खुलं करणार नाही.

वाट पाहणारा, तुझा
विठ्ठल