देवासमोरचा आरसा

२ जानेवारी

आज शांती नगरच्या घरात राहायला आलो. हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघराला चक्क खिडकी. कुर्ल्याच्या खोलीत संसार केलेल्या माणसाला हे फार झालं. मंदाला खुर्चीत बसवून लिफ्टने वर आणलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला कुशीवर वळायची मनाई आहे. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, आता अंगात ताकद भरली पाहिजे. देवाकडे माझं तेवढंच मागणं आहे.

संपदाने आल्या आल्या कपाट बळकावलं. बाबा, तुमचे शर्ट दारामागच्या खुंटीला, म्हणाली. कॉलेजात गेल्यापासून घरात तिचंच राज्य.

आधी देव मांडले, मग दूध उतू घालवलं. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवतांचे चांदीचे टाक. हॉलमध्ये देव्हाऱ्याला लागूनच मंदाची खाट आहे. अडचण एकच. तिला पडल्या जागेवरून देव दिसत नाहीत. डोळ्यांसमोर नुसती कोरी भिंत.

४ जानेवारी

संपदाला घेऊन बेव्हर्ली पार्कला भावेशभाईंच्या काचेच्या दुकानात गेलो. तीन आरसे हवे होते. बेसिनवर एक, कपाटाला एक आणि त्या कोऱ्या भिंतीला एक. तिथे आरसा लावला तर मंदाला मान न वळवता देव दिसतील, हे मला काल जेवताना सुचलं.

दुकानात चहूकडून आपणच दिसतो. डोक्यावर मागे टक्कल पडलंय हे मला आजच कळलं. संपदा म्हणाली, आम्हाला केव्हाचं माहितीय. तिला भोवती दिवे असलेला गोल आरसा हवा होता. फोटो चांगले येतात म्हणे. बेसिनवर तो कबूल केला. हॉलसाठी मी प्रत्येक आरशात दाराची चौकट बघत होतो. हलक्या काचेत सरळ रेषा पाण्यात पडल्यासारखी वाकते. भावेशभाई कंटाळून म्हणाले, ‘काका, चौकट नहीं, मुंह देखने का होता है.’ शेवटी एक साधी, स्वच्छ काच पसंत पडली. ती भिंतीच्या मापाची कापून घेतली. बड़ा लगाओ, हॉल डबल दिखेगा, असंही ते म्हणाले.

७ जानेवारी

आरसा लागला. मंदाने डोळे उघडले तर समोर देव. तिचे हात आपसूक जुळले. मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

गावी वडील पूजेच्या शेवटी देवांना हातातला छोटा आरसा दाखवायचे आणि लगेच पाटावर पालथा घालायचे. देवाने स्वतःला क्षणभरच पाहायचं, म्हणायचे. का, ते मी विचारलं नाही. त्यांचा तोच पितळी मुठीचा आरसा मीही आजवर दाखवत आलो. आता एवढा मोठा आरसा दिवसभर देवांपुढे आहे, तर वेगळा कशाला? छोटा देव्हाऱ्याच्या खणात ठेवून दिला.

१२ जानेवारी

सामान हलवताना तुळस वाळली, म्हणून चार दिवस बाळकृष्णाला तुळस वाहिलेली नाही. आज गंध लावून ऑफिसला निघताना आरशाकडे लक्ष गेलं. तिथल्या बाळकृष्णाच्या डोक्यावर हिरवंगार पान होतं. वळून पाहिलं, देव्हाऱ्यात काही नव्हतं. मंदा म्हणाली, आत्ता तर वाहिलंत तुम्ही, मी बघत होते की.

चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१६ जानेवारी

मंदाच्या हौसेखातर संपदाने हळदीकुंकू केलं. मजल्यावरच्या बायका आल्या, खालच्या रुक्मिणीबाईही आल्या. बिल्डिंग उभी आहे ती भातशेती पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची. म्हाताऱ्या बाई आत आल्या आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून त्यांनी आरशाला नमस्कार केला. संपदा हसून म्हणाली, ‘आजी, देव मागे आहेत.’ त्यांनी वळून देव्हारा पाहिला. पुन्हा आरसा पाहिला.

‘मागं कुठं, पोरी? देव तं ह्या बाजूला हाय. तिथं कुनी न्हाय.’

आजी, आता मोतीबिंदू काढून घ्या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. वाण न घेताच खाली गेल्या.

१९ जानेवारी

टाक घासताना हात थांबला. चेहरे पुसट झालेत. नाक, डोळे, मिशा, काही हाताला लागत नाही. नुसते चांदीचे पत्रे. अन्नपूर्णेच्या हातातली पळी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नाही. आरशात मात्र सगळं कोरीव, लख्ख.

नामस्मरणाला बसलो. आजवर एकटं कधी वाटलं नव्हतं. आज रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटलं.

मंदा उतरत चाललीय. डॉक्टरांनी टॉनिक बदललं. आरशातल्या मंदाचे गाल भरलेत.

२२ जानेवारी

आरशावर चादर टाकली. घटकाभरात मंदाला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. संपदा ओरडली, बाबा, काढा ती चादर, आईला देव दिसू देत! काढली. मंदाचा श्वास सुरळीत झाला.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

२४ जानेवारी

भावेशभाईंना माणसं घेऊन बोलावलं. पहिला स्क्रू ढिला केला आणि मंदा अशी किंचाळली की कारागिराच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. तो म्हणाला, साहेब, पेशंट घरात आहे, नंतर बघू. भावेशभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, ‘काका, काच है. काच में क्या रहेगा?’

मी म्हटलं, इधर क्या रहा, वो देखो. त्यांना कळलं नाही.

२६ जानेवारी

देव उचलून स्वयंपाकघरात नेले. तिथे त्यांच्यापुढे आरसा नाही.

परत हॉलमध्ये आलो. आरशात देव्हारा भरलेलाच होता. समोर दिवा तेवत होता. मी दिवा लावलेला नाही.

२७ जानेवारी

मंदाच्या पोटात पेज ठरत नाही. तिकडे आरशात ती उठून बसलीय. केस विंचरतेय.

संपदा म्हणाली, आई किती छान दिसते ना आता. आरशाकडे बघून म्हणाली. मी तिला हलवलं, बाळा, आई इथे आहे, खाटेवर आहे. तिने खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, कुठे?

२९ जानेवारी

वरवंटा उचलला. फोडून टाकणार होतो. समोर देव. समोर मंदा, उभी, पदर खोचलेला. कणा ताठ.

तेच मागितलं होतं मी. देवांनी दिलं. तिकडे दिलं.

काच फुटली तर ती कुठे—

हात उठला नाही.

३० जानेवारी

आज तिकडे पूजेला कुणीतरी बसलंय. पाठ ओळखीची. डोक्यावर मागे टक्कल.

मी उभा आहे. तो बसलाय.

३१ जानेवारी, सकाळ

खाट रिकामी. चादर अजून कोमट.

संपदाची चप्पल दारात आहे. संपदा नाही. तिकडून तिचं हसणं — मंदाच्या बांगड्या — कुकरची शिट्टी —

हाका मारल्या. कुणी वळून बघत नाही.

मग पूजेला बसलेल्या त्यालाच हात जोडले. म्हटलं, मलाही घे. नाहीतर मला इथे निदान त्यांना बघत बसू दे. एवढंच. त्याची पूजा चालू होती. पूजेत मी कुणाला ओ देत नाही. तोही देत नाही.

धावत जाऊन देव्हाऱ्याचा खण उघडला. छोटा आरसा तिथे नाही.

त्याच्या हातात आहे. पितळी मूठ. देवांना दाखवतोय—

आरसा इकडे वळला तसं त्या छोट्या काचेत दिसतंय. हॉल. खाट, मोकळी. भिंतीशी वही धरून बसलेला माणूस, मी. आता उरलोय तो त्या काचेपुरताच—

त्याने आरसा खाली घेतला. पाट पुढे ओढला.

तो विसरणार नाही. वडिलांनी शिकवलंय. क्षणभरच दाखवायचा, आणि लगेच पालथा घा—