हात धुण्याच्या खोलीची किल्ली

३ फेब्रुवारी, सायंकाळी ५
आजपासून मी काजू कारखान्याचा कल्याण अधिकारी. न्यूआला गावच्या शाळेत अडतीस वर्षे कविता शिकवून रिटायर झालो. आता कायदा शिकवीन. मालक लिकांगासाहेबांनी पुस्तक हाती दिले. म्हणाले, मास्तर, यात कामगारांच्या सोयी लिहिल्यात. मार्चात इन्स्पेक्टर यायचाय, सगळं चोख दिसलं पाहिजे.
पुस्तक आंब्याखाली बसून वाचले. प्यायचे पाणी, हात धुण्याची सोय, बसायला खुर्च्या, औषधांची पेटी. आणि हे सर्व कामगारांना सहज पोचता येईल अशा जागी. काय लय आहे! कायदा पद्यात आणण्याचा संकल्प केला.

५ फेब्रुवारी
हात धुण्याची खोली तयार. पांढऱ्या टाइल्स, बेसिन, चकचकीत नळ, सहा साबण, दोन टॉवेल. दारात उभा राहून बराच वेळ पाहिले.
काजू फोडणाऱ्या बायकांचे हात मात्र पाहवत नाहीत. काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. एरंडेल आणि राख चोळून कामाला बसतात, तरी बोटे काळी पडून सोलतात. ते हात या टाइल्सना लागले तर मार्चपर्यंत काय उरेल? कुलूप लावले. किल्ली गळ्यात. याच दोरीत शाळेच्या खडूच्या कपाटाची किल्ली असे. पोरे वाळक्या कसावाच्या कंदाच्या तुकड्यांनी लिहीत आणि मी निवृत्तीच्या दिवशी खडूच्या तीन पेट्या न फोडलेल्या परत केल्या. जिल्ह्यात असा दुसरा मास्तर नाही.
इन्स्पेक्टर येऊन गेला की खोली सर्वांना खुली. ठरले.

९ फेब्रुवारी
पद्याच्या पहिल्या ओळी सुचल्या.
नळास आमुच्या पाणी आहे, साबण आहे पांढरा,
हात धुवूनी घरास जाऊ, कायदा आमुचा सोयरा.
इन्स्पेक्टरपुढे सर्व बायकांनी हे सुरात म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवले. म्वानाइदी आजी इथली सर्वांत जुनी फोडणारी. तोंडाने फार फटकळ. म्हणाली, सोयरा म्हणवता ना मास्तर, मग घरात तरी घ्या की! बायका कसावाचा घास तोंडात धरून हसल्या. मी कानाडोळा केला. वर्गातही मागच्या बाकावर असे कुणीतरी असायचेच.
पद्य म्हणणाऱ्यांची म्होरकी सोमोए. माझीच विद्यार्थिनी. चौथीत कविता म्हणायला उभी राहिली की बाहेरचे वाटसरू थांबत. आता दोन लेकरांची आई, पण गळा तोच. तिने एकच विचारले, मास्तर, पाठ करते, पण दार कधी उघडणार? म्हटले, पुढच्या सोमवारी रोज एक तास उघडायचा विचार आहे. खूश झाली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
टॉवेल धुऊन वाळत घातले होते. ओल्या टॉवेलांनी उद्घाटन बरे दिसत नाही. पुढचा सोमवार.
कायद्याप्रमाणे चार खुर्च्या आल्या. प्लास्टिक काढू नये अशी ताकीद दिली. म्वानाइदी आजी जमिनीवर बसून फोडत होती. म्हणाली, बरं झालं, मास्तर, खुर्च्यांना तरी थंडी वाजणार नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
साबणाला किंचित तडा आढळला. कोरड्या हवेचा परिणाम. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. या गडबडीत उघडणे राहिले.
तिसरे कडवे झाले. प्यायच्या पाण्यावर आहे. पिंप दुपारी कोरडे पडते, झरा टेकडीखाली आहे, पण कडव्यात ते बसत नाही.

२६ फेब्रुवारी, सायंकाळी
पद्य पाटीवर रंगवून घ्यायला बाजारात गेलो होतो. पेंटरने अक्षर सुरेख काढले. चारला परतलो तर अंगणात गर्दी. सोमोएच्या डोळ्यात चीक उडाला होता.
बायका धुण्याच्या खोलीकडे धावल्या. कुलूप. पिंपाकडे धावल्या. तळाला गाळ. शेवटी म्वानाइदी आजीने किटलीतला थंड चहा डोळ्यात ओतला, इतर दोघी पाणी आणायला झऱ्याकडे पळाल्या. पाणी येईपर्यंत अर्धा तास गेला म्हणतात. बायकांना वेळेचा अंदाज कमी असतो.
औषधांची पेटी उघडीच होती, हे नोंदवून ठेवतो. तीत फक्त पट्ट्या होत्या.
आजीने माझ्या गळ्याकडे पाहिले. टोमणा मारला असता तर बरे झाले असते.

२८ फेब्रुवारी
मिशनच्या दवाखान्यात जाऊन आलो. सोमोएसाठी पपई नेली. डॉक्टर म्हणाले, लगेच भरपूर पाण्याने धुतला असता तर डोळा वाचला असता. डॉक्टर तरुण आहेत, तरुणांना ठामपणे बोलायची सवय असते. सोमोए म्हणाली, मास्तर, आता मला निवडीच्या कामावर घेतील ना? एका डोळ्यानं काजूवरचा डाग दिसेल का हो? म्हटले, तू कडवी विसरू नकोस, बाकी मी पाहतो.
लिकांगासाहेबांशी बोलणार. उद्याच.

५ मार्च
बोललो. म्हणजे विषय काढला. ते म्हणाले, आधी इन्स्पेक्शन होऊ दे. योग्य मुद्दा.
सोमोए तालमीला आली. डोळ्यावरची पट्टी मोठी आहे. मागच्या रांगेत उभी केली. उंचीने तसे शोभतेही.

११ मार्च, दुपारी १२
इन्स्पेक्टर म्हणजे एक बाई निघाली, माझ्या मुलीच्या वयाची. बायकांनी पद्य म्हटले. सोमोएचा आवाज मागून येत होता, पहिल्या ओळीला जरा कापला. मी दार उघडले. टाइल्स पाहून बाई थबकल्या. मनात म्हटले, जिंकलो.
त्यांनी नळ फिरवला. फुस्स. थेंब नाही! विचारले, पाणी कधी बंद झालं? मी खरे ते सांगितले, कधी उघडूनच पाहिला नाही, बेसिनला डाग पडले असते.
मालकांचा चेहरा उतरला. माझा मात्र, इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, उजळला. नळाला पाणीच नव्हते! म्हणजे मी इथे असतो, किल्ली वेळेवर दिली असती, तरी सोमोएचा डोळा गेलाच असता. तेरा दिवस छातीवर होते ते ओझे उतरले. सोमोएला हे सांगितले पाहिजे. तिलाही बरे वाटेल.

११ मार्च, दुपारी १
सांगितले. ती ऐकत असतानाच इन्स्पेक्टर बाई खोलीमागे गेल्या. भिंतीलगत बोटभर मातीखाली पाण्याचा एक वॉल्व्ह होता. बांधकाम संपल्यापासून बंद. बाईंनी चप्पल काढली, वाकल्या, दोन वेळा फिरवला.
आत नळ तसाच उघडा होता. आधी लालसर, मग स्वच्छ पाणी. धो धो.
मग म्वानाइदी आजी उठली, हात न धुता सोमोएच्या मागे जाऊन उभी राहिली. सोमोए पाण्याकडे पाहत होती. म्हणाली, मास्तर, एवढंच होतं?


११ मार्च, सायंकाळी
बाईंनी कुलूप काढून बरोबर नेले. खोलीला आता कुलूप नाही. निघताना मी टाइल्सवर पहिल्यांदा काळ्या बोटांचे ठसे पाहिले. एक साबण संपत आला होता.
सोमोए लेकरांना घेऊन घरी गेली. उद्यापासून येऊ नको, असे मालकांनी तिला मुकादमाकरवी कळवले. मी तेव्हा पद्याची पाटी उतरवत होतो.
किल्ली गळ्यातच आहे. ती कुणी मागितली नाही.