कार्पेटवरचा स्वच्छ डाग

मूंटा,
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय मेरिन,

तू बरी असशील, वर्गातली पोरं डोकं खात असतील आणि होबार्टच्या थंडीत तुझी बोटं आखडली असतील, असं धरून चालतो. बाबा ठीक आहेत. बरगडी आता फक्त खोकताना दुखते. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जातात आणि तिथून माझ्यावर ओरडतात, म्हणजे बरेच सुधारलेत.

माझं पत्र बघून दचकली असशील. शाळेत निबंधाच्या वहीत मी पेलिकन काढत बसायचो. पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला विषय बदलतो, तुला माहीत आहे. कागदावर निदान मागे जाऊन बघता येतं, गाडी कुठे घसरली ते.

तर बातमी ही, की मी व्हॅक्युम घेतला. कोरडा कचरा ओढणारा, पाणी ओढणारा आणि वर कार्पेट धुणारा.

हट्ट बाबांचाच. आज तपासणीच्या बाई येणार होत्या ना, बाबांना घरी एकटं राहू द्यायचं की वृद्धाश्रमात हलवायचं ते बघायला. बाबा आठवडाभर एकच म्हणत होते, "तो डाग दिसला की ती माझी वळकटीच बांधेल." कुठला डाग ते तुला कळलंच. फोनच्या खुर्चीपाशी ते पडले होते तिथला. रविवार रात्र ते मंगळवार सकाळ. चहा सांडलेला, आणि माणसाला दीड दिवस उठता आलं नाही की बाकी जे व्हायचं ते. आईने निवडलेलं ते पिस्ता रंगाचं कार्पेट, त्याच्या मधोमध तपकिरी. मी फडक्याने घासलं तर आणखी पसरलं.

कडीना गावातल्या दुकानदाराने तीन दाखवले. एक हातात धरायचा, सोफ्यापुरता. दुसरा म्हणजे चाकांवरचं पिंपच. पाणी गटागटा ओढतो, पण साबण आपण शिंपडायचा. तिसऱ्याला दोन टाक्या. एक साबणाचं पाणी सोडते, दुसरी घाण पाणी पिते. काय सांडलंय, त्याने विचारलं. मी म्हटलं, चहा. किती जणांचा, म्हणाला. मग आम्ही अर्धा तास मासेमारीवर बोललो, का ते विचारू नकोस. शेवटी तिसरा घेतला. बाबांच्या गाडीत शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि तरीही वाटेत बंदराच्या धक्क्यावर थांबलो, कारण एक म्हातारा गळाने हाताएवढा स्क्विड ओढत होता. असो.

पहिल्याच दिवशी घोटाळा. कोरड्याला कागदाची गाळणी लावायची, पाण्याला स्पंजची. मी कागदाचीच ठेवली. तिचा लगदा झाला आणि मशीन म्हशीसारखं रेकायला लागलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "तुझी आई आधी माहितीचं पुस्तक वाचायची. तू आधी बटण दाबतोस. चालायच्या आधी पळायला गेलास आणि कपाळमोक्ष करून घेतलास, तोच तू."

पण स्पंज लावल्यावर डाग निघाला. फारच निघाला, मेरिन. खाली आईचा खरा पिस्ता रंग, आणि भोवती सगळं तीस वर्षांचं करडं. आता त्या जागी एक स्वच्छ, फिकट माणूस आडवा पडलेला दिसायला लागला. आधी डाग वाकून बघावा लागायचा, आता दारातूनच दिसत होता. म्हणून मग सगळी खोली धुवायला घेतली. दोन दिवस लागले. बाबा पाय स्टुलावर ठेवून खिम्याची पेस्टी खात होते आणि राहिलेले कोपरे दाखवत होते. टाकी दर वेळी डांबरासारखी काळी भरायची. पाठ गेली माझी. द्राक्षं खुडली, मेंढ्यांमागे धावलो, पण इतका कधी दमलो नाही.

थेल्माकाकू कुंपणावरून म्हणाली, इतकी वर्षं आम्ही चहाला कशावर बसत होतो ते आज कळलं. तिच्यामुळेच बाबा सापडले. सोमवारी संध्याकाळी ते आपला आणि तिचा, दोन्ही कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ठेवतात. त्या मंगळवारी डबे जागेवरच दिसले म्हणून ती किल्ली घेऊन आली. एका डब्याला जे जमलं ते

थांब. इथेच घसरतो मी.

काल शेवटची टाकी गुलाबांत ओतून आत आलो. बाबा त्या जागेकडे बघत होते. शांतपणे म्हणाले, "फोन वाजलाच नव्हता, जोरी."

त्या रविवारी बाबांना फोन करायची पाळी माझी होती. एक रविवार तू, एक मी, सहाच्या ठोक्याला. मी तुला सांगितलं की केला होता, खूप वाजला, कुणी उचलला नाही. मी केला नव्हता. मी स्मोकी बे गावी ऑयस्टरच्या, म्हणजे कालवांच्या, कामावर होतो. फोन खिशात होता, रेंज होती, सहा वाजलेलेही पाहिले. म्हटलं, जरा वेळाने. मग शेकोटी पेटली आणि राहून गेलं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. बाबा तासभर त्या खुर्चीत वाट बघत बसले. पाय बधिर झाला, चहा गार झाला, दुसरा करायला उठले आणि कोसळले.

आणि त्यांनी तुला काय सांगितलं? फोन वाजला असेल, मलाच हल्ली ऐकू येत नाही. माझं खोटं झाकायला स्वतःचे कान दिले त्यांनी. तू काळजीने ते तपासणीवाल्यांच्या ऑफिसात कळवलंस. तुझी काही चूक नाही. पण कागदावर ते चढलं: फोन ऐकू येत नाही, एकटं ठेवणं धोक्याचं.

आज बाई आल्या. कार्पेट बघून म्हणाल्या, घर छान ठेवलंय. मग चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून हळूच विचारलं, "मिस्टर ट्रेव्होरो, साखर किती?" बाबा कार्पेटकडे बघत राहिले. अगं, हा माणूस परसातून किटलीचा आवाज ओळखतो. बाईंनी पुन्हा विचारलं. बाबा गप्प. कागदावर पेन सरकल्याचा आवाज मला आला, म्हणजे बाबांनाही आला असणार. माझ्यापायी ते आपलं घर सोडून द्यायला बसले होते.

मी म्हणालो, "त्यांना सगळं ऐकू येतं. त्या दिवशी फोन मीच केला नव्हता."

आतलं पेन थांबलं. मग बाबा मान न वळवता म्हणाले, "दोन चमचे."

बाईंनी लिहिलेलं खोडलं नाही, खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. म्हणाल्या, ऐकू येत नाही हे मुलीने कळवलंय, तर दुरुस्तीही तिनेच कळवावी, पुढच्या शुक्रवारच्या आत. तेवढं कर. माझ्यासाठी नको करूस. घरात सोबतीला कोणी आहे का, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी आहे. बाबा म्हणाले, "हा? हा नाताळपर्यंत टिकला तर मी ते कार्पेट खाईन." बाईंनी तेही लिहिलं की काय, कळलं नाही.

माझ्याकडे आजवर पाठपिशवीत न मावणारी वस्तू नव्हती. आता एक आहे. चाकं आहेत तिला, पण ती काही रस्त्याने माझ्यामागे यायची नाही.

रविवारी सहाला फोन कर, पाळी कुणाचीही असो. आधी त्यांच्याशी बोल. मग मला शिव्या घाल, मी विषय बदलणार नाही. सोमवारी दोन्ही घरांचे डबे मी बाहेर ठेवतो.

तुझा भाऊ, अजून म्हणत असशील तर,
जोरी