उलटा जोडलेला ट्रान्झिस्टर

मुलुंड, २ नोव्हेंबर १९५८

ट्रान्झिस्टर पाहिला! शेंगदाण्याएवढा, तीन तारांचा. एवढासा जीव रेडिओतल्या मोठ्या व्हॉल्व्हचं काम करतो! भाऊंच्या तारखात्यातले विद्याधर घेऊन आले होते. भाऊंनी ओळख करून दिली — "ही आमची सून, उत्तरा. शाळेत सायन्स शिकवते." भाऊंचा मुलगा, माझा श्यामसुंदर, गेल्याचं विद्याधरांना ठाऊक असावं. तीन वर्षं झाली. त्यांनी तो विषय काढला नाही. बरं वाटलं.

९ नोव्हेंबर

गेन मोजायला बसलो. बेसला, म्हणजे मधल्या तारेला, जरासा करंट द्यायचा, कडेच्या कलेक्टरमधून त्याच्या किती पट मिळतो ते पाहायचं. पन्नासच्या आसपास यायला हवा. आला पाच! जोडणी माझी. भाऊ म्हणाले, "जळला वाटतं." विद्याधर म्हणाले, "जळू दे हो, शिकताना होतंच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ नोव्हेंबर

नववीच्या वर्गात करंटची दिशा दाखवणारा बाण काढता काढता खडू हातातच राहिला — एमिटर आणि कलेक्टर, कडेच्या दोन्ही तारा, मी उलट्या जोडल्यात! रविवार कधी येतोय!

१६ नोव्हेंबर

तारा बदलल्या. अठ्ठेचाळीस! जळलाबिळला काही नव्हता. मग मी हट्टच धरला — उलटा असूनही पाचपट देतोच ना, मग विद्याधरांच्या डबीतले बाकीचे ट्रान्झिस्टरही उलटेच मोजू. कुणी चार दिले, कुणी सात, एकानं तर चक्क वीस! "असं का रे?" — तोंडातून निघून गेलं. विद्याधर म्हणाला, "थांब, सांगतो. आत दोन्ही टोकं सारख्याच मालाची. कलेक्टरचं जरा मोठं, एवढाच फरक. तो फरक जितका कमी, तितका उलटाही चालतो." तोही 'थांब' म्हणाला! भाऊ पेपरात डोकं घालून. इतकं हसले मी आज, की शेजारच्या नलिनीताई डोकावून गेल्या.

२३ नोव्हेंबर

विद्याधर आला नाही. ताप आहे म्हणे. भाऊंना म्हटलं, जाऊन बघून या. ते म्हणाले, "तूच जा की!" गेले नाही. दिवसभर करमलं नाही.

३० नोव्हेंबर

आला. वाळलाय. मऊ भात, मेतकूट, तूप. मोजायला काही काढलंच नाही. नुसते बोलत बसलो.

७ डिसेंबर

विद्याधरला मीच विचारलं. हो म्हणाला! भाऊंनाही मीच सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "कन्यादानाला मीच बसणार. दुसरं कुणी नको."