कानानं घेतलेलं पेन

शुक्रवार, संध्याकाळ

पेन सातशेचं. ऑटोचे दीडशे, दुकानदाराला खूश करायला पाजलेली कॉफी साठ. म्हणजे खरं पडलं नऊशे दहाला. तरी स्वस्तच, असं दुपारपर्यंत वाटत होतं.

तमिळ मुलखात राहूनही रोजनिशी मराठीत, देवनागरीत लिहायची, आणि ती शाईपेननंच, हा माझा हट्ट. राजवाड्याजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात हे काळं एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं पेन मिळालं. अंगठ्यानं घासलं, गंधकाचा वास आला, म्हणजे अस्सल. टोपणाचे आटे घट्ट. मग कान लावून सही केली, नेहमीसारखी तमिळमध्ये. निबेचा आवाजच नाही! दुकानदाराला ऐकवलं, "इंजिनं ऐकून दोन गॅरेजं उभी केलीत. हे कान फसत नाहीत."

घरी मराठी लिहायला बसलो. अक्षर गुळगुळीत, वरची रेघ ओढली की कर्र. कागद बदलला, शाई बदलली. प्रत्येक शिरोरेघेला कर्र.

दुकानदाराला फोन लावला. तो हसायलाच लागला. "सार, ते ओरत्तनाडू गावच्या तमिळ मास्तरांचं पेन. चाळीस वर्षं त्यांच्या हातात निब तमिळ वळणानं झिजलीय. आमच्या अक्षरांना डोक्यावर रेघ कुठं असते?"

खरंच की. देवनागरीसाठी पेन घ्यायला गेलो आणि तमिळ लिहून पाहिलं! का? हाताची सवय, दुसरं काय.

कमला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कानानं पेन घेतलंत, आता कानानंच लिहा."

परत करू? छे, पेन अस्सल आहे. सहीला ठेवीन.

हे पान नातीच्या बॉलपेननं लिहिलंय.