पायाखालचा ठोकळा

मोटारीच्या पेडलखालचा ठोकळा निघत नाही. पक्कड दोनदा घसरली. सुधाने ती माझ्या हातून घेतली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही कागद लिहा. हे मी काढते." म्हणून उन्हाने तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे.

मी, दत्तात्रय विनायक औंढेकर, धंदा वकिली, राहणार वसमत. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असे लिहिण्याचा रिवाज आहे. दबाव आहे; पण तो या कागदातील मजकुरासाठी नाही. गावातील हत्यारबंद टोळीला मी हवा आहे, कारण तिने जाळलेल्या गावांतील लोकांच्या जबान्या मी लिहून घेतल्या. आगगाडीत झडती होते. मोटारीत जागा दोन. पत्नी आणि मुलगी जातील. मी घरात सापडलो, तर मोटारीचा शोध उशिरा सुरू होईल.

१. राहते घर पत्नी पार्वतीबाई हिचे. विहिरीचे पाणी मचूळ आहे, हे ती लग्नापासून सांगत आली आणि मी ऐकले नाही. तिने घर खुशाल विकावे.

२. कायद्याची पुस्तके व मेज कारकून हरिचंद यास. मी पुस्तके वाचली, त्याने झटकली. आता वाचावीत.

३. लाल रंगाची दोन आसनी उघडी मोटार मुलगी सुधा हिची. गेल्या दिवाळीत मुंबईला नवी घेतली आणि रेल्वेने वसमतला उतरवली. आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणे भांडलो. एकदा बांध नसलेल्या रस्त्यावर वेगाने जावे, एवढीच हौस होती. ती पुरी झाली नाही. पेट्रोल मिळेना, आणि कंपनीच्या पुस्तिकेत लिहिले होते की पहिले पाचशे मैल ताशी तीसच्या वर नेऊ नये. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळलेले नसतात. घाई केली तर तापतात आणि एकमेकांना धरून बसतात. सुधाच्या पायाचा मला भरवसा नव्हता, म्हणून पेडल तीसच्या पुढे दबू नये असा सागाचा ठोकळा त्याखाली ठोकला. पाचशे मैल अजून झालेले नाहीत.

४. सुधाने मोटार अशी न्यावी. इंजिन गरम होईपर्यंत तीस. पुढे चाळीस, पण सारखे नाही. थोडे दाबावे, पाय उचलावा, पुन्हा दाबावे. पाय उचलला की तेल वर ओढले जाते. औंढ्याच्या चढावर गियर उतरवावा, इंजिनाला रेटू नये. हिंगोलीत थांबू नये.

हे कलम मी मोठ्याने बोलत लिहीत आहे; पार्वतीबाई मोटारीत बसून ऐकत आहे. "अहो, लेकीला निरोप द्यायचा सोडून मोटारीचं काय जपता?"

"आई, त्यांना बोलू दे," सुधा पेडलखालून म्हणाली. "ही मधेच बंद पडली तर आपण कुठं जाणार? नाना, आणि कोणी मागे लागलं तर?"

वेगाच्या प्रश्नावर मी सहा महिने तिला एकच उत्तर देत आलो: तीसच्या वर नाही. आता दुसरे लिहितो. मागे कोणी लागले, तर पाय शेवटपर्यंत दाबावा आणि इंजिनाचा विचार करू नये. कनेरगावचा नाका ओलांडला की पुढे वऱ्हाड; तिथे या टोळीचे काही चालत नाही. तिथपर्यंत ते टिकेल की नाही, मला माहीत नाही. पुस्तिकेत याबद्दल काही नाही.

५. शिरड शहापूरचे तातेराव, माझे जुने पक्षकार आणि स्नेही, मोटार उतरली त्या दिवशी स्टेशनावर तीसची मर्यादा ऐकून शंभर लोकांत हसून म्हणाले, "वकीलसाहेब, गोऱ्हा पहिल्याच दिवशी माळावर पळवावा लागतो. लोढणं बांधून ठेवला की जलमभर रडतच चालतो. तुमची काय वरातीची घोडी हाय व्हय?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही. मोटार म्हणजे बैल नव्हे, हे मी त्यांना लेखी कळवले होते. ते पत्र मागे घेतो. एवढ्या एका बाबतीत तातेराव खरे ठरावेत आणि मी खोटा, ही माझी शेवटची इच्छा. ठोकळा त्यांना द्यावा.

साक्षीदार रूपसिंग दारातून ओरडतो आहे. "वकीलसाब, कायदा आवरा! ते लोक बाजारापतोर येऊन राहिले!"

ठोकळा निघाला. सुधाने तो माझ्या हातात दिला. तिचे बोट सोलले आहे. "नाना, तुम्ही पाठीमागं लटकून चला," ती म्हणाली. मी नाही म्हणालो. वजन वाढले की इंजिन तापते.

इतर मिळकत काही असल्यास कायद्याप्रमाणे.

सही: द. वि. औंढेकर
साक्षीदार: हरिचंद, कारकून (सही), रूपसिंग (डाव्या हाताचा अंगठा)
मुक्काम वसमत, २० मे १९४८

दुसऱ्या दिवशी सकाळी. लिहिणार हरिचंद.

मोटार वळणाआड गेली आणि थोड्याच वेळाने ते लोक आले. साहेबांना घेऊन गेले. साहेब अजून परतलेले नाहीत. रूपसिंगचा भाऊ भावसिंग कनेरगावकडून रात्रभर घोडे दामटीत आला. हिंगोलीपासून मोटारीच्या मागे ट्रक होता. मोटार नाक्यावर थांबली नाही; ट्रक मात्र नाक्याच्या अलीकडेच थांबला. नाक्यापलीकडे बरीच आत जाऊन इंजिन जाम झाले. बाईसाहेब आणि सुधाताई तिथून पायी गेल्या. साहेबांना नेल्याची बातमी ऐकून तातेराव गाडी जुंपून उजाडताच वसमतला आले. कागद त्यांना वाचून दाखवला आणि ठोकळा दिला. त्यांनी तो उपरण्यात बांधला आणि साहेबांना जिकडे नेले असे लोक म्हणतात, तिकडे बैल हाकले.