घरच्या सर्व्हरसाठी पेटी निवडताना

बाबा,

गेले दोन महिने मी घरासाठी एक सर्व्हर निवडतेय आणि तो काही केल्या निवडून होत नाहीये. सर्व्हर म्हणजे काय हे मी नोकरीला लागले तेव्हा तुम्हाला समजावून सांगितलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेऊन म्हणालात, "म्हणजे सगळ्यांचां सामान ठेवची खोली." तेच. घरातले फोटो, कागदपत्रं, तुमच्या नातीचे नाचाचे व्हिडिओ, सगळं एका पेटीत राहणार आणि ती पेटी कायम चालू असणार. अंधेरीच्या ऑफिसात मी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते, तिथे असले निर्णय चहा संपायच्या आत घेते. मुलुंडच्या या घरात मात्र मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरतेय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरतेय आणि लेकीवर उगाच खेकसतेय.

दोन डिस्कची तयार पेटी घ्यावी, तर ती बिघडल्यावर उघडून दुरुस्त करता येत नाही. ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन आणावं, तर ते गरम होतं आणि पंखा घरघरतो. बिनपंख्याचं छोटं मशीन मला आवडलं, पण त्यात एकच डिस्क बसते, आणि मला तर एक डिस्क गेली तरी दुसरीवर तेच सगळं हवं. मग दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या नकोत, कारण एकत्र बनलेल्या एकत्रच मरतात. मग लाइट गेली तर काय, माळ्यावर ठेवली तर उकडेल, खिडकीजवळ ठेवली तर दमट हवा. घाटकोपरच्या दुकानात मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "मॅडम, घरात बँक उघडताय काय? दोन डिस्क घ्या ना, विषय संपवा." मी त्याला पॉवर सप्लायचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या भागाचं, वजन विचारलं.

वजन विचारायची खोड तुमची. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही अंधेरीच्या त्या गाळ्यात ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायला लागलात. शाळा सुटल्यावर मी डबा न्यायला यायची, तेव्हा गाळ्यात वार्निशचा वास आणि तुमची बोटं तांबूस. तुम्ही तयार झालेला नग माझ्या हातात ठेवायचात. "वजन बघ. तार चोरलेली आसा की नाय, हात सांगता." मी कॉलेजला असताना सुटे भाग आणून पहिला कॉम्प्युटर जोडला. बाहेरचा डबा झकपक घेतला आणि पॉवर सप्लाय स्वस्तातला. तुम्ही तो सप्लाय हातात घेऊन उचलून बघितलात आणि सगळ्यांसमोर मला झापलंत. "गो चेडवा, अंगार साडी भारी आणि पोटाक काय नाय? जा, बदलून हाड." मी रडतरडत गेले आणि बदलून आणला. तो पॉवर सप्लाय नऊ वर्षं चालला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता खरं कारण सांगते. गावी चुलतभाऊ नवं घर बांधायला काढतोय. त्याचा फोन आला. "काकांचां गाऱ्हाणां तुझ्याकडे आसा मां? माका पाठव." आपल्या घराण्याचं गाऱ्हाणं, म्हणजे गावदेव, वाडीचा राखणदार आणि मग एकेका पूर्वजाचं नाव ठरलेल्या क्रमाने घेऊन देवाला घातलेलं साकडं, हे म्हणू शकणारं गावात आता कुणीही उरलेलं नाही. तुम्ही गेलात, तुमचे भाऊ गेले, आईही गेली. चाळीत मिक्सर आला, कुणाची टॅक्सी आली, तरी तुम्ही नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचात आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. माझ्या त्या पहिल्या कॉम्प्युटरलाही घातलंत. माइक चालतो का ते बघायचं होतं, म्हणून मी ते रेकॉर्ड केलं होतं. मी भावाला म्हटलं, आहे की, पाठवते.

आणि मग फाईल उघडायला गेले तर उघडेना. बाबा, जुन्या कॉम्प्युटरवरून मी ती सीडीवर घेतली, सीडीवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून आणखी दोन ठिकाणी. पण पहिल्याच दिवशी मी फाईल घेतलीच नव्हती, तिचा शॉर्टकट घेतला होता. शॉर्टकट म्हणजे खोलीच्या दारावरची नुसती पाटी. पंधरा वर्षं मी ती पाटी चार-चार ठिकाणी जपून ठेवली, आणि ऑफिसात नव्या मुलांना बॅकअप कसा घ्यायचा ते शिकवत राहिले. लाज वाटते.

खरी फाईल त्या पहिल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. डिस्क माळ्यावर चकलीच्या डब्यात सापडली. केबल जोडली तर आतून टिक-टिक आवाज आला, मी घाबरून लगेच बंद केली. अशी डिस्क आणखी एकदाच फिरेल, किंवा तीही नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून मी ठरवलं की आधी नवी पक्की जागा तयार करायची आणि मगच तिला हात लावायचा. तेव्हापासून मी पेटी निवडतेय.

रविवारी दुपारी तुमच्या नातीने विचारलं, "आई, ती फाईल केवढी असेल?"

"असेल एखाद्या गाण्याएवढी."

"मग माझ्या पेन ड्राइव्हवर मावेल ना? सर्व्हर कशाला पाहिजे?"

"तसं नसतं गं."

"मग कसं असतं?"

तिने पेन ड्राइव्ह आणून टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी डिस्क जोडली. ती टिकटिकली, थांबली, पुन्हा टिकटिकली आणि फिरायला लागली. हिरवी पट्टी पुढे सरकत होती. पट्टी भरली. मी दुसरं काही घ्यायला गेले तेवढ्यात डिस्क थांबली, ती पुन्हा फिरलीच नाही. पण गाऱ्हाणं पूर्ण उतरलं होतं. एक अक्षरसुद्धा खराब नव्हतं.

आम्ही दोघींनी ऐकलं. आधी तुमचं खाकरणं. "खंय बोलू? ह्याच्यात?" मग तुमचा तो देवाशी भांडणारा आवाज. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवान घरात कॉम्प्युटर हाडलेलो आसा, तो बरो चलांदे रे म्हाराजा!" आणि स्वयंपाकघरातून आईचं, "व्हय म्हाराजा!" आई इतकी मोठ्याने बोलायची हे मी विसरून गेले होते. नात हसायला लागली, मी पण हसले, आणि मला रडूही येत होतं. गावदेव झाला, राखणदार झाला. पूर्वजांची नावं सुरू झाली. तीन नावं झाली आणि मध्येच एक मुलगी बोलली, चढ्या, शहरी आवाजात. "बाबा, आटपा ना. फाईल मोठी होतेय."

तुम्ही नावं तिथेच सोडलीत. मग म्हणालात, "बरां. बाकीच्यांका मनात घेतलंय." आईने व्हय म्हाराजा म्हटलं, आणि रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

मी ते तसंच चुलतभावाला पाठवलं, फक्त माझं वाक्य यायच्या आधी कापून. त्याने विचारलं, पुढचां? मी म्हटलं, डिस्क खराब होती रे, पुढचं गेलं. "असांदे गो, गावला ता खूप झालां," म्हणाला. आता त्याच्या घराला तीनच नावांनी सुरुवात होणार, आणि सगळे डिस्कला दोष देतील. खरं फक्त नातीला माहीत आहे.

हे पत्र मी त्या सर्व्हरवर ठेवणार नाही, कधी घेतला तर. गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी कॉलेजातली मैत्रीण आपल्या कॉटवर बसली होती आणि तुमची मालवणी ऐकून तोंडावर हात धरून हसत होती. फाईलचं काही नव्हतं, बाबा. डिस्क जवळजवळ रिकामी होती.